राजवाड्यासमोर दोन तासांचा शाहिरी कार्यक्रम: जागा बघण्यापासून खुंट्यांची भोकं बुजवण्यापर्यंत

साताऱ्यात राजवाड्यासमोर संध्याकाळी सहा वाजता माणूस जमलेलाच असतो. कोणी भेळेच्या गाडीपाशी, कोणी एसटीची वाट बघत, निवृत्त मंडळी नेहमीच्या कट्ट्यावर, लहान पोरं मैदानात मोकाट. तिथं गर्दी जमवावी लागत नाही. आपण ती मोडली नाही म्हणजे मिळवली. राजवाड्यासमोरच्या गांधी मैदानावरचा कार्यक्रम फसतो तो बहुधा याच पायी. आयोजक आधी मैदान रिकामं करतात, गाड्या हटवतात, चारी बाजूंनी कनाती बांधतात, आणि मग त्याच माणसांना परत बोलवायला रिक्षावर भोंगा लावून गावभर फिरतात.

इथलं सगळं गणित चारशे माणसांच्या, दोन तासांच्या कार्यक्रमाचं आहे: एक शाहिरी पथक, तीन-चार कवी, शेवटी भारूड. ऑर्केस्ट्रा किंवा टीव्हीवरचा चेहरा आणायचा असेल तर बॅरिकेडपासून बंदोबस्तापर्यंत सगळंच बदलतं, त्याला हे लागू नाही. सांगलीत किंवा कराडात असाच कार्यक्रम करायचा तर मापं बदलतील, रीत हीच.

आधी तीन संध्याकाळी नुसतं बसा

कार्यक्रम शनिवारी असेल तर आधीचे तीन शनिवार पाच ते साडेनऊ मैदानावर काढा. वार तोच हवा. मंगळवारचं मैदान आणि शनिवारचं मैदान एक नसतं. सोबत वही, खडू आणि शंभर फुटी टेप. मैदानाचा कच्चा नकाशा काढून त्यावर लोकांच्या चालण्याच्या रेषा ओढत जा. मोती चौकाकडून आलेला माणूस बसथांब्याकडे कसा तिरका जातो, गाडीवरून प्लेट घेतलेला कुठं टेकतो, रिक्षा कुठं वळते. अर्ध्या तासात एक-दोन जाड रेषा आपोआप उमटतात. त्या मळलेल्या वाटा. त्यांच्यावर मंच येता कामा नये, खुर्च्याही नाही. सर्वांत जाड वाट किमान आठ फूट मोकळी ठेवा. ती बुजवली तर लोक मंच आणि पहिली रांग यांच्यामधून जातात, आणि तुमचे स्वयंसेवक दोन तास हात पसरून उभे राहतात.

गर्दी डोळ्यानं मोजू नका. डोळा नेहमी दुप्पट सांगतो. खडूनं दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखा आणि त्यात किती माणसं येतात ते बघा. आठ-दहा म्हणजे ऐसपैस, वीस म्हणजे दाटी. पंचवीसच्या वर गेलं तर पुढच्याला मागं वळता येत नाही. तिथं कार्यक्रम थांबवून माणसं पसरवायची असतात.

वहीत आवाजांचीही नोंद करा. आरती किती वाजता, अजान किती वाजता, एसटीचे हॉर्न कोणत्या कोपऱ्यावर, ज्यूसवाल्याचा मिक्सर कधी जोरात. सूर्यास्ताची अजान ऋतूप्रमाणे सरकते, म्हणून तीन आठवड्यांपूर्वीची वेळ कार्यक्रमाच्या दिवशी जशीच्या तशी धरू नका. आरती आणि अजान या दोन्ही वेळा कार्यक्रमपत्रिकेत आधीच लिहा आणि तिथं चार मिनिटांची उसंत ठेवा. ऐन पोवाड्यात थांबावं लागलं की शाहिराची लय तुटते. आधीच माहीत असेल तर तो पोवाड्याचा चालू चौक, म्हणजे कडव्यांचा तुकडा, संपवून डफ खाली ठेवतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

गाडीवाल्यांशी आठ दिवस आधी बोला, आदल्या रात्री नको. त्यांना हटवायचं नसतं, कारण त्यांचं गिऱ्हाईक हाच तुमचा प्रेक्षक. मागायचं ते तीन गोष्टींपुरतं: गॅसची टाकी प्रेक्षकांपासून वीस फूट लांब, मंचाच्या दिशेनं तोंड असलेली ट्यूब त्या दोन तासांपुरती बंद, आणि कवितावाचनाच्या वीस मिनिटांत मिक्सर बंद. तिसरी गोष्ट मान्य होते, पण वेळ लिहून द्यावी लागते. "सव्वासात ते सात पस्तीस" असं सांगितलं तर माणूस पाळतो. "कविता चालू असताना" म्हटलं तर त्याला काय कळणार कविता कधी सुरू झाली.

तारीख

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ घ्या. जून ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो. एप्रिल-मे मध्ये वळीव नेमका संध्याकाळी पाच-सहाला. शिवाय सप्टेंबरात कास पठारावर फुलांचा हंगाम असतो, शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांनी शहराचा पश्चिम भाग आधीच तुंबलेला असतो.

निमित्त हवं असेल तर या शहराला तोटा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, ती शाळा तेव्हा राजवाड्यात भरायची. राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. १२ जानेवारी १७०८ हा शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाचा दिवस. दोन्ही तारखा हवामानाला धरून आहेत, पहिली थोडी कडेला. क्रांतिसिंह नाना पाटलांची जयंती ३ ऑगस्टला येते, पोवाड्याला याहून चांगला विषय नाही, पण तो कार्यक्रम सभागृहात करा.

निवडणुकीची आचारसंहिता लागू होण्याची शक्यता असेल तर तारीख पुढे ढकला. मिळालेली परवानगीही त्या काळात नव्यानं तपासली जाते आणि फलकांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यावर बंधनं येतात.

कागदपत्रं

तीस दिवस आधी सुरुवात करा. क्रम महत्त्वाचा, कारण एकाच्या पत्राशिवाय दुसरा अर्ज घेत नाही.

पहिला अर्ज नगरपरिषदेकडे, जागेसाठी. त्यात तारीख, मैदान ताब्यात घेण्याची आणि परत देण्याची वेळ, मंचाचं माप आणि नकाशा द्या. ताब्याची वेळ सकाळी नऊची मागा. "सायंकाळी ६ ते ९" असं लिहिलं तर मांडववाल्याचा टेम्पो दुपारी दारातच अडतो. भाडं, अनामत आणि सफाईशुल्क या तीन वेगळ्या पावत्या घ्या. एकत्र पावती झाली की अनामत परत मागताना त्यातली नेमकी रक्कम कोणती यावर वाद होतो.

नगरपरिषदेचं पत्र घेऊन पोलीस ठाण्यात जा. हद्द सातारा शहर ठाण्याची की शाहूपुरीची हे आधी विचारून घ्या, मैदान एका हद्दीत आणि गाड्या लावण्याची जागा दुसऱ्या असं होऊ शकतं. तिथं कार्यक्रमाची परवानगी आणि ध्वनिक्षेपकाचा परवाना हे दोन अर्ज द्यायचे. वाहतूक शाखेला वेगळी प्रत.

ध्वनिक्षेपकाबद्दल २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस जाहीर झालेले असतात, अर्ज करून मिळत नाहीत. दिवसा रहिवासी भागासाठी मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी भागासाठी ६५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर तुमचा आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबलनं जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल तितकाच चालतो. म्हणजे तो भाग व्यापारी धरला तर ७५, रहिवासी धरला तर ६५. हा दहाचा फरक फार मोठा आहे, तेव्हा परवान्यावर भाग कोणता लिहिलाय ते वाचूनच सही करा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र असेल तर त्याचाही नकाशा मागून घ्या.

नाटक किंवा लोकनाट्य असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. वगनाट्याचा छोटा प्रवेश आहे म्हणून सूट मिळेल असं गृहीत धरू नका.

लेखनाचे हक्क हा सर्वांत दुर्लक्षित कागद. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या लावण्या मोकळ्या आहेत. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, त्यांचं लेखन २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे, त्यामुळे वारसांची किंवा हक्कधारकांची लेखी संमती घ्या. एकनाथांचं भारूड कुणालाही म्हणता येतं. पण त्याचं बाजारातलं ध्वनिमुद्रण स्पीकरवर वाजवायचं असेल तर त्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे, त्यासाठी परवाना वेगळा.

शेवटी महावितरणची तात्पुरती जोडणी. पंधरा दिवस आधी अर्ज करा, भार किलोवॅटमध्ये लिहा. शेजारच्या दुकानातून वायर ओढणं सोपं वाटतं, पण तो बेकायदा वापर होतो आणि दुकानाचा फ्यूज ऐन वेळी उडतो तो वेगळाच.

मंच

चोवीस बाय सोळा फूट, उंची अडीच ते तीन. चार बाय आठच्या बारा फळ्यांत हा मंच होतो. पुढचे लोक जाजमावर बसणार असतील तर अडीच फूट पुरे. तीनच्या वर नेला की पहिल्या रांगेतल्या माणसाला शाहिराच्या हनुवटीखालचा भाग तेवढा दिसतो. फळ्यांच्या सांध्यावर जाजम टाकण्याआधी प्रत्येक फळीवर एका माणसानं उडी मारून बघायची. पोवाड्यात शाहीर पाय आपटतो. सैल फळी तेव्हा बोलते, आणि मंचावर उभ्या केलेल्या माईकच्या स्टँडमधून तो धप्प आवाज मैदानभर जातो. जिने दोन, दोन्हीकडं, कठड्यासह. भारूडात सोंग घेतलेला माणूस डोळ्यांवर मुंडासं घेऊन चढतो, त्याला पायरी दिसत नाही.

तोंड कुठं करायचं? मंचाची पाठ मोठ्या इमारतीकडे आणि तोंड मोकळ्या बाजूला. राजवाडा पाठीशी मिळत असेल तर तो सोडू नका. आवाज भिंतीवर आपटत नाही आणि मागच्या पडद्याचा खर्चही वाचतो. प्रतापसिंह महाराजांच्या काळात उभं राहिलेलं ते लाकूडकाम कुठल्याही फ्लेक्सपेक्षा चांगलं दिसतं. पण त्याला हात लावायचा नाही. खांबाला दोरी नाही, खिळा नाही, भिंतीला चिकटपट्टी नाही. मंच आणि इमारतीत पंधरा फूट अंतर. जनरेटरचा धूर त्या बाजूला जाणार नाही हेही बघा.

वीस बाय दहाचा फ्लेक्स मंचामागे लावायचाच असा हट्ट असेल तर ध्यानात घ्या, तो शिडासारखा वारा धरतो. नुसते बांबू पुरत नाहीत. मागून दोन्ही बाजूंना तिरके तणावे आणि दोन फुटी लोखंडी खुंट्या लागतात. आमचं मत विचाराल तर मंचाच्याच उंचीची कापडी झालर पुढे लावा, तिच्यावर नाव लिहा आणि फ्लेक्सचे पैसे चांगल्या साउंडवाल्याला द्या.

आवाज

कार्यक्रम उभा राहतो किंवा पडतो तो इथं. मंचाच्या दोन बाजूंना स्पीकरच्या भिंती रचून आवाज मागपर्यंत ढकलायचा ही सवय मोडायला हवी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. ऐंशी फुटांवरच्या शेवटच्या माणसाला ७२ डेसिबल ऐकवायचे तर दहा फुटांवरच्या आजीबाईंच्या कानावर ९० आदळतात. त्या उठतात. त्यांच्या सोबतचे चार जण उठतात. पहिली रांग मोकळी झाली की मागच्यांनाही वाटतं, संपत आलं.

चौकातल्या गर्दीची कुजबुज, गाड्या, प्लेटांचा खडखडाट मिळून ६०-६५ डेसिबल असतेच. शब्द कळायला त्याच्यावर दहा-एक डेसिबल पाहिजेत. आणि हद्दीवर मर्यादा फार तर ७५. म्हणजे खेळायला जागा फारच थोडी. म्हणून मोठे दोन नकोत, लहान चार घ्या. दोन मंचाच्या कडेला, दोन मंचापासून पंचेचाळीस फुटांवर, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. सगळे नऊ-दहा फूट उंचीवर आणि थोडे खाली झुकवलेले, नेम शेवटच्या रांगेच्या डोक्यावर. आवाज माणसांवर पडला की मुरतो. डोक्यांवरून गेला की समोरच्या इमारतीवर आपटून परत येतो. ती इमारत मंचापासून नव्वद फुटांवर असेल तर शब्द एकशेसाठ मिलिसेकंदांनी मंचावर परत येतो आणि शाहिराला स्वतःचाच शब्द दुसऱ्यांदा ऐकू येतो. गाणाऱ्याची लय मंदावते ती यामुळे, थकल्यामुळे नव्हे.

मधल्या दोन स्पीकरना डिले द्यावा लागतो, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो. मंचावरचा आवाज तिथं पोचायला पंचेचाळीस फुटांना सुमारे ४० मिलिसेकंद घेतो. साउंडच्या मिक्सरवर ५० टाका. त्या जास्तीच्या दहामुळे कानाला आवाज मंचाकडूनच आल्यासारखा वाटतो, माणूस डोकं वळवून खांबाकडे बघत नाही. साउंडवाल्याला ठरवताना एवढंच विचारा: "मधल्या बॉक्सला डिले देता येईल का?" तो "काय गरज?" म्हणाला तर दुसरा बघा.

आता माईक. डफाला माईक लावू नका. चारशे माणसांत डफ नुसता पोचतो. त्याला माईक दिला की शब्द गाडले जातात आणि पोवाड्यात शब्द गेला म्हणजे उरलं काय. तुणतुण्याला मात्र लागतो, सहा इंचांवर, कारण त्याची तार उघड्यावर हवेतच विरते. ढोलकीला दोन, दोन्ही पुड्यांना. झीलकरी (शाहिरामागून सूर धरणारे) तिघं असतील तर एकच माईक मध्ये, दीड फुटावर, म्हणजे "जी जी रं जी" एकाच तोंडून आल्यासारखं येतं. तिघांना तीन दिले की जो जोरात ओरडतो तोच ऐकू येतो. शाहिराला हातातला डायनॅमिक माईक, तोही वायरचा. गिरकी घेताना वायर आड येते म्हणतात. मग तीस फूट वायर द्या आणि एक पोरगं ती सोडायला-ओढायला बसवा. वायरलेस द्यायचाच तर सेल त्याच दिवशी पाकिटातून काढलेले, सकाळच्या तपासणीत वापरलेले नव्हेत.

मिक्सरवर प्रत्येक आवाजाच्या माईकचं लो कट बटण दाबा. त्यानं शंभर हर्ट्झखालची घरघर आणि वाऱ्याचा फुरफुराट जातो. बेस वाढवला की भारदस्त वाटतं असा समज आहे. उघड्यावर त्यानं "स्वराज्य"चं "ओराज्य" होतं. माईकनं शिट्टी मारली तर आवाज कमी करण्याआधी बघा, कोणी माईक हातात धरून स्पीकरच्या पुढे तर गेला नाही ना. बहुतेक वेळा पाहुणे बक्षीस द्यायला खाली उतरलेले असतात.

चाचणी दुपारी चारला, पथक हजर असताना. मोकळ्या मैदानात आवाज जरा टोचेल इतका तीक्ष्ण ठेवा. माणसं बसली की ती धार आपसूक मुरते. आवाज कमी-जास्त करायला एकच माणूस मुखत्यार. समितीचे पाच जण साउंडवाल्याला पाच दिशांनी हात हलवून खुणा करत असतात, तेव्हा तो शेवटी कुणाचंच ऐकत नाही. त्या एका माणसानं दर वीस मिनिटांनी शेवटच्या रांगेत आणि हद्दीवर फिरून यावं. फोनवरचं मीटर पोलिसांपुढे चालत नाही, तुलनेला पुरतं.

डफ आणि थंडी

हिवाळ्यात साताऱ्यात रात्री आठनंतर दव पडायला लागतं. कातडं ओलावा ओढतं, सैल पडतं आणि डफाचा "धांग" जाऊन "धप" उरतो. म्हणून मंचामागे, कापडापासून दहा फूट लांब, घमेल्यात निखारे ठेवा. जाळ नको, नुसते निखारे. डफ त्यावर दीड-दोन फूट उंच धरून फिरवत राहायचं, एका जागी धरला तर कातडं करपतं किंवा कडेला उलतं. बोटानं टिचकी मारत जायचं. आवाज चढत जातो, आणि कोरडा, टणक ठोका आला की थांबायचं. त्याहून जास्त तापवलेला डफ पहिल्याच थापेला फाटू शकतो. हे काम पथकाच्या माणसालाच करू द्या. घमेल्याशेजारी वाळूची एक बादली आणि स्वयंसेवक एक, तो जागेवरून हलणार नाही असा. दव मिक्सरवरही पडतं, त्यावर छत्री नको, चारी बाजूंनी उतार असलेला छोटा मंडप घ्या.

वीज

हिशोब करा: चार स्पीकर आणि दोन मॉनिटर (कलावंतांकडे तोंड असलेले स्पीकर) मिळून सुमारे २ किलोवॅट, मंचावरचे आठ दिवे प्रत्येकी २०० वॅटचे म्हणजे १.६, प्रेक्षकांतले चार १०० वॅटचे म्हणजे ०.४. एकूण ४ किलोवॅट, साधारण १८ अँपिअर. यासाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, ३२ अँपिअरचा एमसीबी (भार फार वाढला की लाइन तोडणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा). साठ मीटरवरून वीज आणायची आणि अडीचची केबल वापरली तर वाटेतच पंधराहून जास्त व्होल्ट गळतात, दिवे मलूल होतात. केबल पायवाट ओलांडते तिथं वरून न्या, चौदा फूट उंच. जमिनीवरून न्यायची तर रबरी रॅम्पखालून. पालापाचोळा किंवा जाजमाखाली कधीच नाही. चहाची इलेक्ट्रिक किटली या लाइनवर लावायला सक्त मनाई; एकटी दीड किलोवॅट खाते आणि सगळा हिशोब बिघडवते.

दहा केव्हीएचा सायलेंट जनरेटर उभा ठेवा, मंचापासून शंभर फूट. लाइन गेली की मिनिटभर अंधार चालतो. पण मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो, म्हणून मिक्सर आणि वायरलेसच्या पेटीला एक साधा कॉम्प्युटरचा यूपीएस.

मंचावरचे दिवे दोन स्टँडवर, बारा फूट उंच, मंचापासून पंधरा फूट, दोन्ही कोपऱ्यांतून तिरके. रंग पिवळसर पांढरा आणि स्थिर. लाल-निळी झगमग कवितेला मारते. प्रेक्षकांतला उजेड घालवू नका. सभागृहासारखा अंधार केला की चौकातून बायका आणि लहान मुलं आधी निघतात.

बसणं

अडीचशे खुर्च्या मागवा, मांडा दीडशेच. उरलेल्या शंभर कडेला थप्पी लावून ठेवा. रिकाम्या खुर्च्यांइतकं माणसाला लांब ठेवणारं काही नाही. पंधरा माणसं तीनशे खुर्च्यांत बसली की येणारा दुरूनच बघून जातो. तेच पंधरा जाजमावर दाटीनं बसले तर तो थांबतो. मंचापुढे पंधरा फुटांची जाजमाची पट्टी, मुलं आणि भारुडाचे शौकीन तिथं. मग खुर्च्या, ओळीओळींत तीन फूट, एका सलग पट्ट्यात दहाच्या वर नको, मध्ये पाच फुटांची वाट. त्यामागे उभं राहण्याची जागा, आणि ती बांधीव करू नका. चौकातला माणूस आधी लांबून, एक पाय निघण्याच्या तयारीत ठेवूनच ऐकतो. दहा मिनिटं टिकला तर तो स्वतःच थप्पीतली खुर्ची ओढतो.

पहिल्या रांगेत "राखीव" पाट्या सहाच. सुरुवातीला पाहुणे आले नसतील तर सहा पस्तीसला पाट्या काढा.

एका बाजूनं तेरा फुटांची वाट रुग्णवाहिकेसाठी दोरी लावून मोकळी. तिथं दुचाकी लागू नये म्हणून एक माणूस साडेपाचपासूनच उभा लागतो. पाणी हिवाळ्यात माणशी अर्धा लिटर धरा, म्हणजे वीस लिटरचे दहा जार. जवळच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात दिवा आणि पाणी आहे का हे त्याच दिवशी पाचला बघा, बायकांच्या बाजूचं आधी.

क्रम

सहाला हलगी. घोषणा नाही, पार्श्वसंगीत नाही. दोन हलगीवाले मैदानाच्या कडेनं एक फेरी मारतात, गाड्यांपाशी दोन मिनिटं थांबतात आणि मंचापुढे येऊन बसतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या मध्यात साडेसहाला. साडेसहाची सुरुवात दोन्हीकडं जमते.

समई लावायचीच असेल तर वाऱ्याची तयारी ठेवा. उघड्यावर पाच पाहुणे पाच वाती लावतात आणि सहावी काडी ओढेपर्यंत पहिली विझलेली असते. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळत नाही. वाती जाड वळा, तेलात रात्रभर भिजवा, टोकाला कापराची चूर लावा आणि समईच्या तिन्ही बाजूंना दोन फुटी ॲक्रिलिकची पाटी उभी करा. नाहीतर सरळ कंदील लावा, तोही दिसतो छान.

सहा पस्तीसला पोवाडा. स्वागत, प्रास्ताविक, परिचय हे सगळं मिळून पाच मिनिटं, त्यात बसत नसेल ते कापा. गण, मुजरा आणि मुख्य पोवाडा मिळून चाळीस मिनिटं. सव्वासातला कविता, चार कवी, प्रत्येकी पाच मिनिटं, माईक तोंडापासून चार बोटं. कवींना आधीच सांगा: चौकात पहिली कविता छोटी आणि कानाला लागणारी हवी, मुक्तछंदातली लांबलचक दुसऱ्या सभेसाठी. सात पस्तीसला सत्कार. तो मध्ये ठेवण्याचं कारण, लोक पोवाड्यानं बसलेले असतात आणि पुढे भारूड आहे हे त्यांना माहीत असतं. सुरुवातीला सत्कार ठेवला तर गर्दी जमतच नाही, शेवटी ठेवला तर पाहुणे आणि मांडववाला एवढेच उरतात. शाल-श्रीफळं पाचच, नावं वाचणारा एकच, भाषण एकच, तेही सात मिनिटांचं.

पावणेआठला भारूड, पाऊण तास. सोंगानं प्रेक्षकांत उतरावं, पण मळलेल्या वाटेवर नाही. साडेआठला आभार, पावणेनऊला सगळं बंद. दहापर्यंतची परवानगी असली तरी ओढू नका. परळी खोऱ्यातल्या, ठोसेघरकडच्या माणसाला शेवटची एसटी गाठायची असते. आगारात फोन करून त्या दिवसाच्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा विचारा आणि भारुडाआधी एकदा मंचावरून सांगा. ती वेळ माहीत असली की माणूस निवांत बसतो, दर पाच मिनिटांनी फोन बघत नाही.

आवराआवर

कचऱ्याचे डबे ओल्या-सुक्याच्या जोड्यांत, दर चाळीस फुटांवर एक जोडी, आणि गाड्यांपाशी आणखी दोन. मैदान ताब्यात घेतल्याघेतल्या चारी कोपऱ्यांतून फोटो काढलेले असावेत, तारीख-वेळ दिसेल असे. साफ केल्यावर त्याच चार कोपऱ्यांतून पुन्हा. अनामत परत मिळते ती या आठ फोटोंवर. खुर्च्या मोजून परत द्या, त्याच रात्री, टेम्पोत चढताना. सकाळी मोजल्या की नेहमी चार कमी भरतात.

खुंट्या उपटल्यावर जमिनीत दोन फुटी भोकं राहतात. त्यात नुसती माती ढकलली तर पहिल्या पावसात खचते आणि एखाद्या पोराचा पाय मुरगळतो. ओला मुरूम तीन थरांत भरा, प्रत्येक थर पहारीच्या मागच्या टोकानं ठोका, आणि वरचा थर जमिनीपेक्षा बोटभर उंच ठेवा.